ग्राहक म्हणतो ‘साइट स्लो आहे’, त्याला विचारायचं असतं ‘बसेल का?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या नाना पेठेत वडिलांच्या वेळचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मुलाने थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा या गाड्यांच्या ऑफरोड, म्हणजे कच्च्या-डोंगराळ वाटांवर चालवण्यासाठीच्या, सामानाची वेबसाइट काढली, त्याला दोन वर्षं झाली. ग्राहकांना अभिप्राय विचारले तेव्हा उत्तरं आली ती अशी: साइट स्लो आहे, फोटो कमी आहेत, भाव जास्त वाटतात, डिलिव्हरीचा खर्च शेवटी कळतो, फोन कुणी उचलत नाही, ॲप काढा. यातलं आधी काय दुरुस्त करायचं? डेव्हलपर म्हणतोय, सगळी साइटच नव्याने करू.

डेव्हलपरला सध्या चहा पाजून घरी पाठवा.

मी पंधरा-सोळा वर्षं पुण्यात बसून अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानांचे कॅटलॉग सांभाळले. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), साइड स्टेप, टायर, सगळं. त्यातले ट्रक प्रत्यक्ष डोळ्यांनी मोजकेच पाहिले, पण कुठल्या वर्षाच्या ट्रकला कुठला ब्रॅकेट लागतो ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ग्राहकांचे अभिप्राय वाचणं हे त्यातलं निम्मं काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या सहा तक्रारींपैकी निदान चार ही एकच तक्रार आहे. पार्टच्या पानावर आलेल्या माणसाला ‘हा माझ्या गाडीला बसेल का’ हे कळलेलं नाही.

‘साइट स्लो’ म्हणणाऱ्याने सात पानं उघडली, सातही ठिकाणी त्याला उत्तर मिळालं नाही आणि अर्धा तास गेला. ‘फोटो कमी’ म्हणणाऱ्याला सूर्यास्तात डोंगरावर उभी असलेली थार बघायची नव्हती, बोल्ट कुठे लागतात ते बघायचं होतं. ‘फोन उचलत नाही’ हा तर सरळ पुरावा आहे. वेबसाइट असताना माणूस फोन करतो कशाला? एक आठवडा फोनजवळ वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढा. बहुतेक ओळी ‘बसेल का’नेच संपलेल्या दिसतील.

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न तुमच्या घरात रोज सुटतो. काउंटरवर गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ‘काका, थारचा मागचा बंपर आहे का?’ वडील मान वर न करता विचारतात, ‘जुनी का नवी? तीन दरवाजांची का पाचची, म्हणजे रॉक्स?’ दोन वाक्यांत माल ठरतो. तुमची साइट गिऱ्हाइकाला काहीच विचारत नाही. ती नुसती माल मांडून बसली आहे.

अमेरिकेत या एका गोष्टीवर अख्खा उद्योग उभा आहे. तिथे ऑटो केअर असोसिएशनची ‘एसेस’ नावाची मानक पद्धत आहे. कुठला पार्ट कुठल्या वर्षाच्या, कुठल्या मॉडेलच्या, कुठल्या इंजिनाच्या गाडीला बसतो हे तीत एका ठरावीक साच्यात लिहायचं असतं. पार्टची मापं, वजन, खोक्याचा आकार यांच्यासाठी वेगळी ‘पाइज’ आहे. एवढी शिस्त असूनही लोक फसत. २०१८ ची जीप रँग्लर घ्या. त्या एकाच मॉडेल वर्षात जुनी जेके आणि नवी जेएल अशा दोन्ही विकल्या गेल्या. ग्राहक यादीतून वर्ष निवडायचा २०१८, मॉडेल निवडायचा रँग्लर, दोन्ही अगदी बरोबर, आणि घरी यायचा दुसऱ्याच गाडीचा बंपर. रॅम १५०० या पिकअपचं त्याहून वाईट. २०१९ ला नवी पिढी आली, पण जुनीही ‘क्लासिक’ नावाने पुढे काही वर्षं विकली गेली. जुनीच्या चाकाला पाच नट, नवीच्या चाकाला सहा. व्हील मागवलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

आपल्याकडे हेच खड्डे आहेत, फक्त त्यांच्यावर पाटी लावलेली नाही. २०२२ ची स्कॉर्पिओ म्हणजे कुठली? जूनमध्ये स्कॉर्पिओ-एन आली आणि ऑगस्टमध्ये जुनीच गाडी ‘क्लासिक’ नावाने पुन्हा बाजारात उभी राहिली. २०२० ची थार म्हणजे बीएस-सिक्सच्या (धुराच्या नव्या नियमांच्या) आधी विकलेली जुनी, की ऑक्टोबरमध्ये आलेली नवी? जानेवारी २०२३ पासून त्या नव्या थारमध्ये मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली, तिच्यात पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा डिफरन्शिअलच नाही. त्या डिफरन्शिअलखाली बसणारी, त्याला दगडांपासून वाचवणारी स्किड प्लेट तिच्या मालकाला विकलीत तर तो काय करणार, भिंतीवर टांगणार? रॉक्सचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिलिमीटर, तीन दरवाजांच्या थारचा २४५०. साइड स्टेपच्या पानावर नुसतं ‘थार’ लिहून कसं चालेल? जिम्नीचंही तसंच. परदेशात तीन दरवाजांची छोटी जिम्नी बरीच वर्षं विकली जाते. आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली ती पाच दरवाजांची, व्हीलबेस २२५० ऐवजी २५९०. बाहेरून आणलेल्या रूफ रॅकचं आणि स्प्रिंगचं वर्णन तिकडच्या साइटवरून उचलून डकवलं असेल (बहुतेकांनी डकवलेलंच असतं), तर ते तुमच्या ग्राहकाच्या गाडीबद्दल नाहीच.

म्हणून पहिलं काम: साइटवर आल्याबरोबर गाडी विचारा आणि ती लक्षात ठेवा. नुसतं वर्ष-मॉडेल विचारून भागणार नाही. वडील जे विचारतात ते विचारा. थारसाठी पिढी, दरवाजे, टू-व्हील की फोर-व्हील, सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप. जिप्सीसाठी इंजिन कुठलं आणि पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच आहेत की कुणी बदललेत. वर्ष विचारताना ‘आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष’ असंच लिहा. लोक पासिंगचं वर्ष सांगतात आणि डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत पासिंग होणं ही रोजची गोष्ट आहे. मॉडेल बदलतं त्याच काळात हा महिन्याचा फरक महाग पडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘नाही’ म्हणायला शिका. बसत नसेल तर पानावर ठळक लिहा, ‘तुमच्या गाडीला हा बसत नाही, तो बसतो’ आणि त्या दुसऱ्याची लिंक द्या. ‘सर्व मॉडेलना योग्य’ हे शब्द साइटवरून आजच्या आज पुसा. माझ्याकडे एक म्हातारी जिप्सी आहे, पाटे बदलून दोन इंच उचललेली. तिच्यासाठी एका साइटवरून शॉकअप मागवले. पानावर लिहिलं होतं, ‘सर्व जिप्सींना योग्य’. आले ते मूळ उंचीच्या गाडीचे. जॅकवर घेतल्यावर मागचा ॲक्सल खाली लोंबला आणि शॉकअप पूर्ण ताणला जाऊन अडकला. माझ्यासारख्या कॅटलॉगवाल्याने ही चूक करावी यावर घरी महिनाभर हसणं चाललं होतं. पण शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी आणि पूर्ण दाबलेली लांबी हे दोन आकडे पानावर असते, तर टेप लावून मी स्वतःच ठरवलं असतं. हे दोन आकडे खोक्यात येणाऱ्या कागदावर बहुधा असतातच. नसले तर तुमच्या गोडाऊनमधला पोरगा पाच मिनिटांत मोजेल.

टायरच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नका, कारण तिथे ‘बसतो’ या शब्दाचे तीन अर्थ होतात. रिमवर चढतो, स्टेअरिंग फुल लॉक केल्यावर घासत नाही आणि दगडावर चाक वर गेल्यावर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) लागत नाही. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. लोकांना हवा असतो २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३४. म्हणजे गाडी साधारण २० मिलिमीटर उचलली जाणार (व्यासातल्या फरकाच्या निम्मी) आणि मूळ मीटर अचूक धरलं तर मीटरवर ८० दिसताना खरा वेग ८५ च्या आसपास असणार. हे गणित पानावर आपोआप करून दाखवणं डेव्हलपरला एका दुपारचं काम आहे. घासणं मात्र गणिताने कळत नाही, ते रिमच्या ऑफसेटवर (चाक किती आत-बाहेर बसतं त्यावर) आणि लिफ्टवर ठरतं. त्यासाठी ज्यांनी बसवलाय त्यांनाच विचारायला हवं.

म्हणजे पुन्हा अभिप्रायाकडे आलो. तुम्ही तो मागता केव्हा? माझा अंदाज, डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी मेसेज जातो, ‘आम्हाला पाच तारे द्या’. त्या दिवशी तुमचं लिफ्ट किट खोक्यात बंद, पार्किंगमध्ये पडलेलं असतं. मिस्त्रीला वेळ मिळणार रविवारी, तोही पुढच्या. त्या माणसाने तारे दिलेच तर ते कुरिअरवाल्याला दिलेत. तीन-चार आठवड्यांनी विचारा, आणि दोनच गोष्टी विचारा: ‘बसवताना काही कापावं, घासावं किंवा वेगळं विकत घ्यावं लागलं का?’ आणि ‘घेण्यापूर्वी काय माहीत असतं तर बरं झालं असतं?’ सोबत गाडीचा फोटो मागा. उत्तर पानावर लावाल तेव्हा त्या माणसाची गाडी, टायर आणि लिफ्ट किती हेही लिहा. ‘छान आहे, धन्यवाद’ अशा पन्नास अभिप्रायांपेक्षा ‘थार हार्ड टॉप २०२१, २५५/६५ आर १८ मूळ टायर, मागचा सेन्सर पुन्हा बसवावा लागला’ ही एक ओळ जास्त माल विकते. तक्रारीचा अभिप्राय काढून टाकण्याचा मोह होईल. टाकू नका, खाली उत्तर लिहा.

परत आलेल्या मालाच्या कारणांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. मी ज्यांचं काम करायचो त्यातल्या एका दुकानाचा अहवाल वर्षानुवर्षं सांगत होता की बहुतेक माल ‘आता गरज नाही’ म्हणून परत येतो. वरिष्ठ त्यावर सभा घ्यायचे, ग्राहकाचं मन का बदलतं वगैरे. एक दिवस कुणीतरी परतीचा फॉर्म उघडून पाहिला. यादीतलं पहिलं कारणच ते होतं, आणि लोक पहिल्यावर टिचकी मारून मोकळे होत होते. यादी काढून रिकामी चौकट ठेवली तेव्हा कळलं: ‘एक्झॉस्टला लागतो’, ‘भोकं जुळत नाहीत’, ‘माझ्या ट्रकला टो हुक आहेत, हा बिनहुकवाल्यासाठी आहे’. मन बिन काही बदललं नव्हतं.

दुसरा विनामूल्य खजिना म्हणजे साइटच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात त्याची नोंद, विशेषतः ज्या शोधांना उत्तर शून्य आलं ते. तुम्ही पानावर लिहिलंय ‘रूफ रॅक’, लोक शोधतात ‘कॅरियर’. तुम्ही लिहिता ‘रॉक स्लायडर’, लोक शोधतात ‘फूटरेस्ट’. शॉक ॲब्सॉर्बरला कुणी शॉकअप म्हणतं, कुणी शॉकर. स्पेअर व्हीलचं कव्हर ‘स्टेपनी कव्हर’ म्हणूनच शोधलं जाणार. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आणि आपल्याकडे तो घरचा झाला. ही नावांची जोड-यादी तयार करायला डेव्हलपर नको, काउंटरवरचा जुना माणूस हवा. एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसा.

आता डिलिव्हरीचा खर्च. सहा तक्रारींत ही एक तक्रार खरोखर जशी लिहिली आहे तशीच आहे, आणि तिच्यात ग्राहकाचं शंभर टक्के बरोबर आहे. या धंद्यातला माल कुरिअरचा शत्रू आहे. फेंडर फ्लेअरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला लावायच्या रुंद कडांचा, सेट घ्या. प्लास्टिकचा, वजन नऊ-दहा किलो. पण खोकं १८० बाय ५० बाय ३५ सेंटिमीटरचं असेल तर कुरिअरच्या घनफळाला ५००० ने भागायच्या हिशोबात ते ६३ किलो धरलं जातं. तुम्हाला हे माहीत आहे, ग्राहकाला नाही. त्याला शेवटच्या पायरीवर अचानक आकडा दिसतो आणि तो म्हणतो लुटतायत. पार्टच्या पानावरच पिनकोडची चौकट ठेवा आणि तिथेच पूर्ण रक्कम दाखवा. बंपर आणि रूफ रॅक ट्रान्सपोर्टने जाणार असतील तर तेही स्पष्ट लिहा: माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला येईल, बिल्टी दाखवून स्वतः उचलावा लागेल, घरपोच हवा तर इतके जास्त. अमेरिकेतही हीच रड होती. ट्रकवाला बंपरचं धूड घेऊन दारात उभा, उतरवायला लिफ्टगेट (ट्रकमागचा खाली-वर होणारा फळा) सांगितलेला नाही आणि घरात आजीबाई एकट्या.

हा केवळ सौजन्याचा मामला नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० चे आहेत. त्यांत सगळ्या शुल्कांसह एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात हेही त्यातच. आयात मालावर मूळ देश लिहायचा असतो. शेवटी हळूच खर्च वाढवत नेणं आणि ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, दोन्ही ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आहेत. तुमच्या साइटवर तो लाल रंगाचा उलटा मोजणारा टायमर असेल तर काढा. ऑफरोडवाला माणूस एका बंपरवर दोन महिने विचार करतो, टायमर त्याला पळवून लावतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट अभिप्रायात कुणी लिहिलेली नाही, पण फोनवर लोक दबक्या आवाजात नक्की विचारत असणार: ‘पोलीस पकडतील का?’ याचं उत्तर पानावर द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुल बारबद्दल (बंपरपुढे लावायच्या लोखंडी गार्डबद्दल) केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलं होतं. पादचाऱ्याला धोका आणि एअरबॅगच्या सेन्सरमध्ये अडथळा, ही त्यामागची मुख्य कारणं. बरेच दुकानदार यावर चिडीचूप बसतात. माझं मत वेगळं आहे. जो पार्ट रस्त्यावर अडचणीचा आहे त्याच्या पानावर तसं लिहा, आणि टो स्ट्रॅप, शॅकल, रिकव्हरी बोर्ड, टायर कॉम्प्रेसर असा बिनझंझटीचा माल वेगळ्या कप्प्यात पुढे आणा. नवा थारवाला सुरुवात तिथूनच करतो.

फोटोंबद्दल दोनच शब्द. खोक्यातला सगळा माल जमिनीवर मांडून, प्रत्येक बोल्ट दिसेल असा एक फोटो. बसवलेला पार्ट खालून, मोजपट्टी लावून, एक. सूर्यास्तवाला एक राहू द्या, तोही लागतो.

वेग खरंच मंद असू शकतो, ते तपासा. गुगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा असतो. तुमच्या ऑफिसच्या वायफायवर नाही, गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर बघा. बहुधा कॅमेऱ्यातून थेट चढवलेले सहा-सात एमबीचे फोटो हाच दोषी निघतो. दोन दिवसांचं काम आहे, नवी साइट लागत नाही.

भावाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी होऊन सुट्या पार्टवर सरसकट १८ टक्के झाला. जुन्या २८ टक्क्यांनी काढलेले भाव कुठे राहिलेत का ते एकदा चाळा, बाकी चिंता करू नका. बसण्याची खात्री असली की माणूस पाचशे रुपये जास्त देतो. नसली की पाचशे कमी करूनही घेत नाही.

आणखी एक माणूस तुमच्या यादीत अजिबात नाही: मिस्त्री. पैसे एकजण देतो, पार्ट दुसराच बसवतो, आणि पार्ट चांगला की वाईट हे तो दुसरा ठरवतो. ‘हे काय आणलंत साहेब’ असं तो एकदा म्हणाला की तुमचे पाचही तारे गेले. खोक्यावर एक क्यूआर लावा. त्यात बसवायची पद्धत मराठी-हिंदीत, आणि एक व्हॉट्सॲप नंबर, जो रविवारी चालू असेल. हो, रविवारी. कामं तेव्हाच होतात. तुमच्याकडून वारंवार माल जाणाऱ्या पाच गॅरेजवाल्यांकडे स्वतः जा, साइट उघडलेला मोबाइल त्यांच्या हातात द्या, ‘रॉक्सची मागची स्प्रिंग शोधा’ म्हणा आणि तोंड बंद ठेवून बघत बसा. त्यांचा अंगठा जिथे अडेल ती जागा वहीत लिहा.

राहता राहिलं ॲप. नको. वर्षातून दोनदा माल घेणारा माणूस फोनमध्ये तुमचं ॲप ठेवणार नाही, आणि ‘ॲप काढा’ म्हणणाऱ्याला फोन करून विचाराल तर तो म्हणेल, ‘माझी गाडी दर वेळी पुन्हा निवडावी लागते हो.’ ती साइटनेच लक्षात ठेवली की झालं. डेव्हलपरला आता बोलवा, पण दुकानात बोलवा. दोन दिवस त्याला वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसवा.